तबूकच्या डोंगरावर आई

मी नाशिक सोडलं त्या सकाळी बाबा हरिहर गडावर होते. लेक परदेशी निघालीय, तेवढा एक रविवार घरी बसावं की नाही! पण नाही. टॅक्सी दारात लागली तेव्हा चिखलाच्या बुटांनी कोपऱ्यावरून धावत आले. माझ्या हातावर दही घालता घालता आईने त्यांच्याकडे असं काही बघितलं की टॅक्सीवालासुद्धा मान खाली घालून उभा राहिला. मग मला म्हणाली, "तिकडे नदीजवळ घर बघ गं." सौदीत नदीच नाही, असं सांगितल्यावर तिने दह्याची वाटी खाली ठेवली. "नदी नाही? मग माणसं संध्याकाळी जातात कुठे?"

मॉलमध्ये जातात, आई. जुबैलला आम्ही सगळे मॉलमध्येच जातो, नाहीतर समुद्रकाठच्या कॉर्निशवर. माझा नवरा नितीन प्लांटमध्ये इंजिनिअर, त्याच्या शिफ्टवर आमचं घड्याळ चालतं. मी इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवते. लेक सई इथेच वाढली. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना सगळं समजतं. राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, वाण्याचं दुकान म्हणजे बक्काला, संपलं म्हणजे खलास, हे शब्द आता माझ्या तोंडात कोथिंबीर-मिरचीइतके बसलेत. तुम्ही तिकडचे हसता, ठाऊक आहे मला. हसा!

या हिवाळ्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे आली, व्हिजिट व्हिसावर. पहिले काही दिवस एसी, गालिचे, खजूर यांत गेले. मग कंटाळली. संक्रांतीच्या आसपास सईने तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. तबूकजवळच्या डोंगरावर बर्फ पडलेला आणि त्यात उंट उभे. आईने चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. "हे इथलं आहे? सौदीतलं?" आणि मग, "मला ने."

आईचं "मला ने" म्हणजे काय, हे माझ्या भावंडांना कळेल. बाबांनी सह्याद्रीतला एक गड की शिखर सोडलं नाही. साल्हेर, कळसूबाई, सगळं ग्रुपबरोबर. पहाटे उठून दशम्या बांधून द्यायची आई. एकदा तिने मीपण येते म्हटलं तर बाबा म्हणाले, "तुझ्याच्याने व्हायचं नाही." माणूस वाईट नाही हो, पण हे इतक्या वेळा बोलले की पुढे आईच ते बोलायला लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, साठाव्या वर्षी, जिना चढतानासुद्धा. आता सदुसष्टाव्या वर्षी, परतीचं विमान तोंडावर असताना, ती "मला ने" म्हणत होती. मी रडायचीच बाकी होते.

फोनवर बाबांचं तेच. गुडघे, थंडी, पडशील. आईने ऐकून घेतलं आणि नितीनचे स्पोर्ट्स शूज दोन जोड मोजे चढवून घालून पाहिले. "बसतात," एवढंच म्हणाली.

दम्मामहून विमानाने तबूक, तिथून भाड्याची मोठी गाडी. हातात एकच दिवस, कारण दुसऱ्या दिवशी परत आणि लगेच तिचं मुंबईचं विमान. दूरवर डोंगराचं टोक पांढरं दिसलं तेव्हा सई आणि आई दोघी एकदम किंचाळल्या. नितीनने दचकून ब्रेक मारला.

आणि तिथे आम्ही नाशिककरांनी नाशिककरांना शोभेल असा घोळ घातला. भूक लागली होती. रस्त्याखाली छान रुंद, स्वच्छ वाळूचं पात्र होतं. आमच्याकडे नदीच्या पात्रात बाजार भरतो, गाड्या लागतात, भेळ खातात. पात्र दिसलं की बसायचं, यात विचार कसला करायचा? अंथरली चादर. दशम्या, चटणी, गुळपोळ्या. वादी म्हणजे दूर डोंगरात पाऊस पडला की भरणारी कोरडी नदी, हे मी दरवर्षी सातवीला शिकवते, हे त्या क्षणी मला आठवलं तर शपथ.

वरून एक पिकअप हॉर्न वाजवत आला. लाल रुमाल बांधलेला म्हातारा बदू, वाळवंटातला धनगरच म्हणा, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "यल्ला! यल्ला! सैल!" यल्ला म्हणजे चला, सैल म्हणजे लोंढा, एवढं अरबी मला येतं. आईला एका हाताला मी धरलं, दुसऱ्याला नितीनने, आणि वर पळालो. दशम्यांचा डबा आईने काही सोडला नाही. आम्ही काठावर पोचून श्वास घेतोय तोवर वळणावरून तांबडं पाणी आलं, काड्याकुड्या घेऊन, घरघर करत, आणि आमची चादर गेली.

"नदी!" आई ओरडली. घाबरलेली नाही, खूश! "अगं, नदी आहे की तुमच्याकडे!"

पण त्या नदीने पुढचा रस्ताच बुडवला. डोंगर समोर, बर्फ समोर, आणि मध्ये पाणी. म्हाताऱ्याने हाताने खूण केली, थांबा. त्याने गाडीच्या आडोशाला शेकोटी पेटवली, आम्हाला गहवा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, दिली, आईने त्याला गुळपोळी दिली. सूर्य सरकत होता. नितीन हळूच म्हणाला, परतूया का? मी आईकडे बघू शकले नाही.

आई मात्र पाण्यातल्या एका उभ्या खडकाकडे बघत होती. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं ते विचारतं. आईने सईला तो खडक दाखवला. "तो आपला मारुती. आता छातीला पाणी आहे. गुडघ्याखाली गेलं की निघायचं." झालं! सईची कॉमेंट्री सुरू. "आजी, स्टमक! आजी, कंबर!" बदू काय चाललंय म्हणून बघायला आला आणि त्याला खुणेने समजल्यावर तोही स्वतःच्या पायावर हात ठेवून पाणी कुठवर आलं ते सांगू लागला. शेवटी त्याने नडगीवर थाप मारली. "खलास!" आपला पिकअप आधी घातला, मागे आम्ही. पलीकडे जाताना आईने खिडकीतून पाण्यात एक रियाल टाकला आणि हात जोडले.

वर बर्फ होता. खरा, करकरणारा, नाकाला झोंबणारा! पोरं घसरत होती, सौदी बाया अबाया सावरत गोळे मारत होत्या, कोणी चहा उकळत होतं. आईने लुगड्याचा काचा मारला, माकडटोपी ओढली आणि चढायला लागली. मी मागे. दोनदा पडली. दोन्ही वेळा मी धावले आणि दोन्ही वेळा तिने माझ्या अंगावर बर्फ फेकला.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते घाबरून म्हणाले, "अगं, धरा तिला! कसं वाटतंय तुला?" आईने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा समोर पसरलेल्या डोंगराकडे. "आता नाही हो. आता बघू द्या मला," म्हणाली आणि लाल बटण दाबून फोन माझ्या खिशात कोंबला.

बाहेर राहणाऱ्याचं घर कायम मागे असतं. इतकी वर्षं मी विमानात बसले की मान वळवूनच बसायचे. त्या उतारावर मान वळवायचं कारणच उरलं नाही. माझं घर पुढे चाललं होतं, नितीनचे बूट घालून, आणि खाली यायचं नाव घेत नव्हतं.