अक्काची ज्वालामुखी-यात्रा

आमच्या घरात थाप मारायची तर देवाच्या नावाने मारावी, म्हणजे ती पचते. हे मला कळलं तेव्हा साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी बसवनगुडीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो.

आमचे प्राध्यापक नारकोंडमला निघाले होते. अंदमानच्याही पलीकडे, समुद्रात एकटंच उभं असलेलं ज्वालामुखीचं बेट. माणूस औषधालाही नाही; पण तिथे लांबलचक चोचीच्या धनेश पक्ष्याची एक जात राहते, ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. मी त्यांच्याबरोबर जाणारच होतो. स्वयंपाकाला माणूस मिळत नव्हता. ती जागा मी मनातल्या मनात अक्काला देऊन टाकली.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडील अक्का म्हणत म्हणून आम्हीही म्हणायचो. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी आली, आणि आमच्या चामराजपेटचा बाजार व घरामागचं अंगण एवढ्यातच राहिली. पण त्या अंगणात उतरणारा प्रत्येक पक्षी ती आवाजावरून सांगायची. मलाही पक्षी तिनेच शिकवले. धनेशाचं चित्र दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली.

"हे स्वल्प जवळनं बघायला पाहिजे रे," ती म्हणाली.

तिने कुणाकडे काही मागितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. विधवेने घराबाहेर पडायला एकच कारण चालायचं, ते यात्रेचं. मग मी यात्राच काढली.

"ज्वालामुखी देवी आहे, अण्णा," मी वडिलांना म्हणालो. "उत्तरेत आहे तशीच. ही फक्त समुद्रात."

"समुद्र ओलांडायचा नाही आपल्यात."

"मग रामेश्वर? तेही बेटच की."

"तिथं पूल आहे."

"पूल व्हायच्या आधी पणजोबा गेले होते ना?"

अण्णांनी पुरोहितांना गाठलं. जिथे अग्नी स्वयंभू तिथे दोष कसला, असं पुरोहित म्हणाले. तो अग्नी केव्हाच विझून वर घनदाट जंगल माजलंय, हे सांगायला मी काही बांधील नव्हतो. बेटाचं नावही मी घरात काढलं नाही. त्याला जरा नरकाचा वास येत होता. अण्णांनी शेवटी 'सरी' म्हटलं, म्हणजे कानडीत 'बरं'.

बातमी गल्लीभर झाली आणि बायका देवीसाठी नारळ आणून देऊ लागल्या. निघताना आमच्याकडे एक दुर्बीण आणि एक पोतंभर नारळ होते. प्राध्यापक पोत्याकडे बघून म्हणाले, "धनेश नारळ खात नाही हो."

मद्रासहून जहाज, पुढे लहान बोट. आम्ही सगळे पदवीधर ओकून आडवे झालो. अक्का पदर खोचून आम्हाला मीठ-लिंबू चाटवत फिरत होती.

बेटावर बरीच वणवण केल्यावर एका उंच झाडाच्या ढोलीत घरटं दिसलं. ढोलीचं तोंड लिंपलेलं, फक्त एक फट ठेवलेली. तांबूस डोक्याचा नर आला आणि गळ्यातून एकेक उंबर काढून आतल्या मादीला भरवू लागला. अक्का दुर्बीण सोडेना. प्राध्यापक नुसतेच हात पुढे करून उभे.

"कोंडलंय कुणी तिला?" तिने विचारलं.

"कुणी नाही. तिनंच आतून लिंपून घेतलंय. पिल्लू वाढलं की तीच फोडून बाहेर येते."

"तीच फोडते?"

"तीच."

"मला वर्षभर खोलीत बसवलं होतं," दुर्बीण न काढताच अक्का म्हणाली. "आई दाराशी ताट सरकवायची. फोडायचं सुचलंच नाही बघ मला."

मला भडभडून आलं. अक्काला नाही. तिने पोतं मागवलं, गल्लीचे नारळ त्या झाडाच्या बुंध्याशी रचले आणि हात जोडले. शेवटचे दोन मात्र मागे ठेवले. त्यांची रात्री चटणी झाली.

यात्रेहून आलं की गावजेवण घालतात, त्याला मावंदं म्हणतात. अण्णांनी ते थाटात घातलं. सकाळच्या प्रहरी अक्काचं तोंड दिसू नये म्हणून ज्या बायका वाट बदलायच्या, त्याच आता वाकून तिच्या पाया पडत होत्या. मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि हसूही.

"देवी दिसली?" एकीने विचारलं.

"दिसली की. नाक तेवढं फार मोठं."

पंगती उठल्यावर अण्णा कृतार्थ होऊन म्हणाले, "अक्का, झालं तुझं. आता देवाचं नाव घेत घरात बस."

"बसेन की," अक्का म्हणाली. "पण बारा ज्योतिर्लिंगं असतात, तशी ही बेटंही बारा आहेत. आत्ता कुठं एक झालं. यात्रा अर्धवट राहिली तर दोष तुलाच लागेल."

अण्णांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. बेटं बारा आहेत असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.