नव्वद, एकशेचाळीस आणि नाही

"डब्बा राहू दे तिकडं. गाडी आन."

गिअरचं तेल मागायला गेलेल्या माणसाला पहिलं वाक्य हेच ऐकावं लागे. समोरचा ड्रायव्हर असो, जंगलचा ठेकेदार असो की कोर्टातला वकील, त्याच्या हातातला रिकामा डबा काढून घेऊन दुकानदार तो पायरीवर पालथा घाली आणि स्वतः जाऊन गाडीत बसे. नवखा माणूस चिडायचाच. तेल विकायला बसलाय की सोयरीक जुळवायला? पण चिडून उपयोग नसे. गाडी पाहिल्याशिवाय तेल नाही म्हणजे नाही.

पांढरकवड्याला, हैदराबादच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, टिनाचं एक खोपटं, त्यात आडवी ठेवलेली बॅरलं, एक नरसाळं आणि चिंध्यांचा ढीग. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. आम्ही सगळे त्याला 'भाऊ' म्हणायचो. खरं नाव लिहीत नाही. तो असता तर मलाच म्हणाला असता, "नाव कायले पाह्यतं बे, तेल पाह्य."

गाडीत बसला की तो आधी चपला काढी. उघडे पाय फळीवर, उजव्या हाताचा पंजा गिअरच्या दांड्यावरच्या ड्रायव्हरच्या हातावर, डोळे बंद. "हाण," एवढंच म्हणे. नाल्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. येताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहायची हिंमत होत नसे. उतरला की तो तीनपैकी एक शब्द बोले. नव्वद, एकशेचाळीस किंवा नाही.

नव्वद म्हणजे पातळ तेल, एकशेचाळीस म्हणजे जाड. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मीही आधी तेच म्हणायचो. पण आमच्याकडचं ऊन तुम्ही पाहिलंय ना? वैशाखात पातळ तेलाचं पाणी होतं आणि गिअर रडायला लागतात. तेच जाड तेल पौषातल्या थंडीत असं गोठून बसतं की सकाळी पहिला गिअर पाडताना खांदा निखळायची पाळी येते. त्यात गाडी नवी की झिजलेली, लाकडं वाहते की माणसं, चढाची की सपाटीची, हे सगळं आलंच. भाऊला ते पायाच्या तळव्यातून कळायचं. आणि 'नाही' म्हणजे तेलानं भागणार नाही, मिस्त्रीकडे जा. त्या 'नाही'ला आम्ही फार भ्यायचो.

एकदा माझ्या गाडीतून उतरताना तो म्हणाला, "गाडी बेस हाय. तू कोनाशी भांडून आलास?" खरंच सकाळी बायकोशी कडाक्याचं वाजलं होतं. "गिअर पाडत नाहीस, हाणून राह्यला तू. जा, माफी माग घरी, मग तेल देतो." आणि अहो, दिलं नाही त्यानं तेल. मला घरी जाऊन यावं लागलं.

नाकही तसंच. बॅरलाचं बूच काढलं की दोन बोटं बुडवायची, चोळायची, वास घ्यायचा. घरीसुद्धा हीच खोड. वहिनींनी फोडणी दिली की हा ओसरीवरून ओरडे, "घाणी बदलली वाटते तेल्यानं!" वहिनी आतून म्हणत, "नाक दुकानात ठिऊन येत जा ना. खा गुपचूप." हा तिथं मात्र गुपचूप खाई.

गर्व होता त्याला, भरपूर होता. नम्रबिम्र काही नाही. एका ठेकेदारानं नवी मोटार घेतली. मागच्या धुऱ्यात घालतात ते झोंबऱ्या वासाचं महाग तेल त्याला गिअरच्या पेटीतही हवं होतं. महाग तेच चांगलं, असा हिशेब. भाऊ म्हणाला, "गिअरमंधी पितळ हाय. थे तेल पितळ खाते." ठेकेदार हसला आणि दुसरीकडून तेल भरून आला. काही महिन्यांनी मोटार करकर वाजत दुकानापुढे उभी. भाऊनं पेटी रिकामी केली, तेलात पितळाची चकाकी तरंगत होती. ते घमेलं त्यानं दुकानापुढच्या सगळ्या ट्रकस्टँडवर फिरवलं. "या, या, पाहून घ्या! ठेकेदारसायबाच्या गाडीतून सोनं निघालं!" ठेकेदारानं तो दिवस मनात ठेवला असणार. मीही ठेवला असता.

आणि मग छाती पुढं काढून भाऊ म्हणे, "माह्या हातून चुकीचं तेल गेलं, असं म्हननारा एक मानूस आनून दाखवा." असा माणूस नव्हता. यवतमाळपासून आदिलाबादपर्यंत नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

घाटंजीच्या बाजूला एक बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथल्या म्हाताऱ्या नाईकाच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. म्हातारा स्वतःही तरुणपणी बैलांच्या पुढं चालला होता. पण काळ बदलला. त्याच्या पोरानं बैल विकून लिलावात निघालेली लढाईतली एक लॉरी घेतली आणि लाकडांच्या खेपा सुरू केल्या. म्हाताऱ्याचं बाकी सगळं गेलं, एक जागा तेवढी राहिली. कॅबिनमधली, ड्रायव्हरच्या शेजारची. मोठा फेटा बांधून तो तिथं ताठ बसे, चढ आला की लॉरीला बैलासारखं चुचकारी. पोरगा खालमानेनं हसे, पण हसू देई. त्या जागेवर बसलेला म्हातारा पाहिला की आम्हालासुद्धा आपोआप राम राम घालावासा वाटे.

पोळा झाला आणि चार दिवसांत ती लॉरी रखडत रखडत भाऊच्या दारात आली. पोरगा उतरला तोच पेटलेला. चढावर भरली गाडी असताना तिसरा गिअर उडाला होता, लॉरी मागं घरंगळली होती, बांधाला अडली म्हणून वाचली. क्लीनरनं उडी टाकली नसती तर त्याची तंगडी गेली असती.

"तेल तर तुमचंच हाय," पोरगा म्हणाला, "मंग असं काहून झालं? पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचा बुढा एकटाच कॅबिनमंधी काहीतरी करून राह्यलता, क्लीनरनं पाह्यलं. त्यानं हात लावला असंन ना, तर आजपासून तांड्यात बसून राहीन थो. या गाडीत पाय ठिऊ देनार नाही मी त्याले. जिवाशी खेळ हाय का हा?"

म्हातारा कॅबिनमध्येच होता. उतरला नाही, समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होता.

भाऊ लॉरीखाली शिरला. घमेलं धरायला मी होतो. बूच सैल झालं, तेल आलं, आणि माझ्या नाकाला जो वास आला त्यानं मी दचकलोच. तूप! काळ्या तेलात पिवळे ओघळ, आणि भाऊच्या बोटांवर हळदीचा लगदा.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, वर्षभर ओझं ओढलेलं असतं म्हणून. म्हाताऱ्याच्या दारी आता बैल नव्हता. लॉरी होती. तिचा खांदा कुठं असेल, ओझं कुठं पडत असेल, याचा त्यानं आपल्या परीनं विचार केला असणार. पोरगा तेल ओततो ती जागा त्यानं पाहिली होती. म्हणून कॅबिनमधली पायाखालची फळी उचलून, लोटाभर तूप आणि मूठभर हळद, मायेनं, आत.

भाऊनं बोटं नाकाशी नेली. मग खालूनच मान वाकडी करून कॅबिनकडे पाहिलं. दारावर म्हाताऱ्याचा हात होता. नखं अजून पिवळी होती.

मी तोंड उघडलं, तर भाऊची टाच माझ्या पायावर अशी बसली की ब्रह्मांड आठवलं. त्यानं घमेलं माझ्या हातून ओढलं, जळक्या तेलाच्या पिंपात पालथं केलं, चिंधीनं हात पुसत बाहेर आला आणि पोरासमोर उभा राहिला.

"बुढ्याचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "तेल माहं चुकलं. नवं बॅरल फोडलतं, नाकाले लावलं नाही. चुकीचं तेल मी देल्लं."

स्टँडवर पाच-पंचवीस माणसं होती. ठेकेदारही होता.

पोरानं मग काय नाही म्हटलं! भरवशाचा माणूस म्हणून आलतो, आमचे लोक मेले असते, कायची ऐट मिरवता मंग. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. "हो. माहीच चूक," इतकंच पुन्हा म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून ते शब्द! पायाच्या तळव्यानं गाडी ओळखणारा माणूस मोठा खराच, पण तो मोठेपणा आम्ही रोज पाहत होतो. हा दुसरा मोठेपणा कुठं दडला होता कोण जाणे. मला त्याच्याकडे सरळ पाहवेना.

घासलेट घालून त्यानं पेटी धुतली, एकदा, परत एकदा, मग ताजं एकशेचाळीस भरलं. पोरगा हात धुवायला विहिरीकडे गेला तेव्हा तो कॅबिनच्या दारापाशी गेला.

"नाईकबाबा," तो हळू म्हणाला, "हिचा खांदा वरतून शेकाचा. इंजनाच्या बानटावर. तूप-हळद वरतून तुमची. आंतमंधी माहं तेल."

म्हातारा दाराबाहेर वाकला. "भिया," म्हणाला. त्यांच्या बोलीत भावाला भिया म्हणतात.

त्या दिवसानंतर स्टँडला हसायला विषय मिळाला. भाऊचं नाक गेलं, म्हातारपण आलं, ठेकेदारानं तर चहाचे पेले फिरवले. ड्रायव्हर लोकांची जात मोठी भित्री, एकदा शंका शिरली की शिरली. पंपावर आता सीलबंद डबे मिळत होते. एकेक गाडी तिकडे वळली. नाईकाची लॉरी तर दुकानापुढून न थांबता जाई. कॅबिनमध्ये म्हातारा असे, ताठ, आणि दुकान आलं की दोन्ही हात जोडी. पोराला वाटे देवीला जोडतोय. देऊळ त्याच बाजूला होतं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊ, सांगून टाकू का सगळ्यांले? तुमचं नाव चाललं ना पाण्यात!"

"सांगशीन तर माह्या पायरीवर पाय ठिऊ नको." मग चिंधी पिळत, "मले काय, मी अजून काहीबी करीन. थ्या बुढ्याले दुसरी जागा हाय का कुठं?"



पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात कावीळ होऊन भाऊ गेला. दुपारी त्याला पोचवून आम्ही ड्रायव्हर लोक परत आलो आणि बंद दुकानापुढे नुसते उभे राहिलो. घरी जावंसं वाटेना. तेवढ्यात नाईकाची लॉरी आली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच थांबली. पोरगा उतरला, त्याच्यामागून म्हातारा उतरला. कोणीतरी, वाईट मनानं नव्हे, सहज म्हणून गेला, "मानूस लाखाचा होता. आखरीले तेवढं नाक गेलतं."

"नाक नोतं गेलं," म्हातारा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. पोरगाही.

"तूप मी टाकलतं. गिअरमंधी. यानं वळखलं, अन् आपल्या डोक्यावर घेतलं." म्हाताऱ्यानं फेटा काढून दुकानाच्या पायरीवर ठेवला, डोकं टेकलं. मग उठला, फेटा काखेत धरून लॉरीकडे चालू लागला. कॅबिनकडे नाही. मागं गेला, लाकडांकडे, आणि क्लीनरसारखा साखळीला धरून वर चढायला लागला. त्याला चढता येत नव्हतं. पाय घसरत होता, तरी तो पुन्हा लावत होता.

पोरगा धावत गेला. "बा," म्हणाला, "तिकडं कायले? तिकडं नाही, बा." त्यानं बापाला कमरेला धरून खाली उतरवलं, हाताला धरून पुढं आणलं, कॅबिनचं दार उघडलं आणि म्हातारा बसेपर्यंत दार धरून उभा राहिला. फेटाही स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवला.

लॉरी निघाली. आम्ही सगळे सवयीनं कान देऊन उभे. पहिला पडला, दुसरा पडला, पुलाच्या चढाला तिसरा पडला. बरोबर पडला की नाही, ते विचारायला आमच्या सगळ्यांच्या माना दुकानाच्या त्या बंद दाराकडे वळल्या होत्या.