खुर्चीमागची बाई

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. आमच्या ह्यांना निम्मं ठाऊक होतं. उरलेलं निम्मं ते गेल्यावर घडलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात. समोर माणूस असलं की शब्द माझ्या घशातच राहतो. लहानपणापासूनचंच आहे ते. चौथी शिकलेल्या बाईने किती लिहावं? पण बोलण्यापेक्षा हे सोपं आहे, म्हणून लिहिते.

आम्ही आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला राहतो. मुलगा निखिल इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. सून मंजिरी पुण्याची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. नात इरा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही इथल्या हेलात. बसायच्या खोलीत लाकडं जाळायचा स्टोव्ह आहे, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर एक मोठा फोटो. खुर्चीत बसलेली बाई, अंगावर शालू, नाकात मोत्यांची नथ. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मंजिरी सांगते, "या आमच्या आईंच्या आई." लोक जवळ जाऊन बघतात. मग माझ्याकडे बघतात. मी खाली बघते.

ती माझी आई नाही.

— लिहून झालं. पण एवढंच असतं, तर मी लिहायला बसले नसते.

आधी गढीचं सांगते. माझी आई गढीवर आंदणात आली होती. आंदण म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सरदाराघरची मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर भांडी जायची, पलंग जायचा, दुभती गाय जायची — आणि एकदोन मुली जायच्या. कामाला. कायमच्या. आईसाहेब म्हणजे गढीच्या मालकीणबाई; त्यांच्याबरोबर आई आली तेव्हा ती आताच्या इराएवढी होती. तिचे आईवडील कुठे राहिले, त्यांचं काय झालं, तिला माहीत नव्हतं. आईसाहेबांचं माहेर तेच आपलं माहेर, असं तिने धरलं. आईसाहेब रडल्या की तीही रडायची. माझे वडील तिथेच घोड्यांकडे होते. मी चालायला लागायच्या आत ते गेले.

माझ्या वेळेपर्यंत सरकारांचं, म्हणजे आईसाहेबांच्या यजमानांचं, राज्य संपलं होतं, जमिनी गेल्या होत्या. रीत मात्र गेली नव्हती. त्यांचं सगळंच वाईट होतं, असं मी म्हणणार नाही. दाराशी आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जायचा नाही, मग घरात पीठ कमी का असेना. सरकार एकदा हो म्हणाले की नुकसान सोसायचे, पण शब्द फिरवायचे नाहीत. दसऱ्याला गवई यायचे, दोन-दोन दिवस गाणं चालायचं, आणि अख्खं गाव अंगणात बसून ऐकायचं. आमच्या गावचा न्हावीही गाणं ऐकून राग सांगायचा, तो त्यामुळेच. पण त्याच सरकारांनी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने उचललेला मी कधी पाहिला नाही. मला शाळेत आईसाहेबांनीच घातलं, आणि चौथीनंतर त्यांनीच काढलं. "चौथी पुष्कळ झाली गं. पाचवी शिकलीस तर माझे पाय कोण चेपील?" असं हसून म्हणाल्या. आईही हसली. मीही हसले असेन.

आता एक विचित्र गोष्ट सांगते. इथे मला सगळे खानदानी म्हणतात. मी पाहुण्यांना 'घ्यावं', 'बसावं' म्हणते. आवाज चढवत नाही. सगळे बसल्याशिवाय बसत नाही. पेला पुढे करताना डावा हात उजव्या कोपराला लावते. मंजिरीच्या मैत्रिणी म्हणतात, "काकू, काय अदब आहे हो तुमची! हे रक्तातच असावं लागतं." रक्तात? गढीवर मालकमंडळी असं बोलत नसत. सरकार ओरडायचे. आईसाहेब पान चघळत कुणालाही अगंतुगं करायच्या. 'घ्यावं, बसावं' ही आमची भाषा होती — चाकरांची. बसणं तर आम्हाला येतच नव्हतं. लोक ज्याला राणीची चाल म्हणतात, ती पावलाचा आवाज होऊ नये म्हणून शिकवलेली चाल आहे. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी गप्प राहिले. लाजाळू बाई गप्प राहिली की लोकांना ती थोर वाटते.

निखिलला मी काय सांगितलं होतं? काहीच नाही. तो जन्मायच्या आधीच आई गेली. ज्या मुलाला आजोळच नसतं, ते आजोळाचं विचारत नाही. ह्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते तालुक्याच्या कचेरीतले कारकून, मोजकं बोलणारे. निखिलचं लग्न जमत होतं तेव्हा मंजिरीच्या आईने विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" मी म्हटलं, गढीवरची. "आणि तुमच्या आई?" मी म्हटलं, आईसाहेबांच्या माहेरच्या.

एकही शब्द खोटा नव्हता, बघा. त्या बाई मात्र सावरून बसल्या. माझ्या हातातला चहाचा ट्रे त्यांनी उठून घेतला. मला तो ट्रे परत घ्यावासा वाटला नाही — हेही लिहून ठेवते.

माझ्याजवळ आईचा एकच फोटो होता. एकदा गढीवर फोटोवाला आला होता. आईसाहेब खुर्चीत बसल्या, आणि मागे तबक घेऊन आईला उभं केलं. विड्याचं चांदीचं तबक फोटोत दिसायला हवं होतं; ते धरायला कुणीतरी लागत होतं, एवढंच. हलू नकोस म्हणाले, तर तिने श्वास धरून ठेवला. म्हणून तिचे डोळे फोटोत मोठे आलेत. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने आईसाहेबांकडे त्याची एक प्रत मागितली, माझ्यासाठी. जन्मभरात तिने त्या घरात स्वतःहून मागितलेली ती एकच वस्तू. आईसाहेबांनी दिली. "एवढंच होय गं?" म्हणाल्या.

आमचे हे गेल्यावर निखिलने मला इकडे आणलं. तो फोटो मी लुगड्यांच्या घडीत ठेवला होता. पाच वर्षांपूर्वी मंजिरी प्रेसमध्ये — कपाटाला इथे प्रेस म्हणतात — माझे कपडे लावत होती, तेव्हा तिला तो सापडला. ती खाली आली, माझ्या शेजारी बसली. "आई! यातल्या तुमच्या आई कोण?"

माझं बोट उठलं. मला आठवतं, ते आधी हवेत थोडं थांबलं. आणि खुर्चीवर जाऊन टेकलं.

"आणि ही मागची?"

"चाकर होती."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल? जी बाई चार माणसांत नाव विचारलं तरी घाबरते, तिने हे मात्र चटकन सांगितलं.

मंजिरी हरखली. फोटो मोठा करून लावायचा ठरला. निखिल मला दुकानात घेऊन गेला. तिथल्या पोराने काचेवर फोटो पसरला, दोन्ही हातांनी चौकट करून दाखवली आणि काहीतरी विचारलं. निखिल म्हणाला, "आई, चेहरा मोठा हवा असेल तर मागची बाई निम्मी कापली जाईल, वाईट दिसेल. पूर्णच काढू का म्हणतोय तो. की राहू दे सगळं?"

मुलगा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती?

मी म्हटलं, काढ.

पण हेही ते नाही. दुकानदाराने मूळ फोटो परत दिला होता. तेवढं तरी माझ्याजवळ राहिलं असतं. आता जे लिहायचं आहे, त्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे — तुमच्या लक्षात आलंच असेल.

आईसाहेब गोऱ्या, नाकीडोळी नाजूक. माझी आई सावळी, रुंद जिवणीची, हनुवटीला खळगा. तरुणपणी मी तिच्यासारखी फारशी दिसत नव्हते. म्हातारपणी चेहरा बदलला. केस गेले, गाल उतरले, आणि एक दिवस आरशात बघितलं तर आई उभी. आता कुणीही तो फोटो हातात घेऊन माझ्या चेहऱ्याशेजारी धरला असता, तर विचारायची गरजच पडली नसती. इरा तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मिळतंजुळतं शोधायचा नाद होता — याचं नाक याच्यासारखं, त्याचे कान त्याच्यासारखे.

एका सकाळी निखिल कामावर गेला होता, मंजिरी इराला शाळेत सोडायला. मी फोटो काढला. कात्रीने आईसाहेबांना वेगळं केलं नाही, काही नाही. अख्खाच स्टोव्हमध्ये घातला आणि काचेचं दार लावलं. तो आधी वळला, गुंडाळल्यासारखा, आणि मग पेटला. मी पुढ्यातच बसले होते. काचेतून सगळं दिसतं. दार उघडून हात घालता आला असता. पुरेसा वेळ होता.

मग मी पोळ्यांची कणीक भिजवली.

यंदाच्या उन्हाळ्यात इथली मराठी घरं सहलीला गेली. एका जुन्या लॉर्डाचं घर आता लोकांना दाखवतात, तिथे. दाखवणाऱ्या बाई सांगत होत्या ते इरा मला भराभर सांगत होती. बागेखालून एक बोगदा होता. चाकरमाणसं त्यातून जायची. खिडकीतून बघताना मालकांच्या नजरेला ती पडू नयेत म्हणून. मंडळी हळहळली. कुणीतरी म्हणालं, "काय हा माज!" मला काही नवं वाटलं नाही. आम्हाला बोगदा नव्हता. आम्ही भिंतीला चिकटून चालायचो.

खालच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक फोटो होता. सगळे नोकर ओळीने उभे, खाली प्रत्येकाचं नाव. तिथे काठी टेकत एक म्हातारी आयरिश बाई आली. तिने बोट ठेवलं — थेट, न थांबता. "दॅट्स माय नॅन!" तिची आजी. भांडी घासायला होती. म्हातारी ओळखदेख नसलेल्या माणसांना ओढून दाखवत होती. मलाही दाखवलं. इरा तिला इंग्रजीत म्हणाली, माझ्या आजीची आई तर राणीसारखी होती. म्हातारी खळखळून हसली. काठी सांभाळत तिने माझ्यापुढे गुडघा जरा वाकवला आणि काहीतरी बोलली. इराने हसत सांगितलं, "आजी, ती म्हणतेय, मग तुमच्या आईने माझ्या नॅनला घासायला लावलं असतं!"

माझ्या आईने? तिने त्या नॅनच्या शेजारी बसून दुसरी कढई ओढून घेतली असती.

मी हसले. मान हलवली. हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात इराला शाळेने घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं. ती माझ्या खोलीत आली, पलंगावर पालथी पडली. "आजी, युअर मॅम्ज नेम?"

आईचं नाव तुळसा. गढीवर आल्यावर आईसाहेबांच्या सासूने ते बदललं. जिची रोज पूजा करायची, तिच्याच नावाने हाक मारून उष्टी कशी काढायला सांगायची? म्हणून तिला शेवंता केलं. शेवंता म्हणूनच ती गेली. तुळसा हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, केस विंचरताना, अगदी हळू, दुसऱ्या कुणाचं गुपित सांगावं तसं. आता ते नाव माझ्याखेरीज जगात कुणाला ठाऊक नाही.

इरा पेन्सिल धरून थांबली होती. मी आईसाहेबांचं नाव सांगितलं. राजे, देवी, सगळं लावून. तिला ते लांबलचक नाव लिहायला जमेना, म्हणून तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी सावकाश लिहिलं, काना-मात्रा नीट देत.

झाडाच्या सगळ्यात वरच्या फांदीवर ते आहे. शाळेच्या भिंतीवर लावलंय, असं इरा सांगत होती. बाकीची सगळी नावं इंग्रजीत आहेत. ते एकच मराठीत आहे, माझ्या हातचं.