एका हाताने लागणारी जोडी

जुन्या वस्तू जमवणारी मंडळी हल्ली माझ्याकडे येतात. खिशातून 'जोडी' छाप कफलिंक काढतात, उलटी करून मागे ठशात उठवलेली इवलीशी छत्री दाखवतात आणि मामांच्या डोक्याचं तोंड भरून कौतुक करतात. मी ऐकून घेते, पण आतून चडफडते. मामा लाखात एक माणूस, त्यात वाद नाही. पण डोकं मामीचं होतं. ती छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, म्हणून छत्री.

मामांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे पितळेवर ठसा उठवणारी प्रेस, मागे पॉलिशचं चाक. टायपिना, पट्ट्याची बक्कलं आणि कफलिंका. आई आणि मी मामांकडेच राहायचो, मी कारखान्यात डब्या भरायला होते. माल मामा स्वतः विकायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात शिरायचे, दोन्ही मनगटं काउंटरवर ठेवायचे आणि मग बोलायला लागायचे. मामी म्हणायची, "आधी तुमची मनगटं आत जातात, मागून तुम्ही."

मग एका दुपारी प्रेस त्यांच्या उजव्या हातावर आली. हात वाचला, बोटं मात्र कामातून गेली. डाव्या हाताने जेवण जमलं, सही जमली. बाहीला कफलिंक लावायचं काम मामीने उचललं. तसेच ते एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "जरा काढून, लावून दाखवा." काढली कशीबशी, लावता येईना. शेवटी दुकानदारानेच लावून दिली.

मामा घरी आले आणि त्यांनी घर धरलं. अर्ध्या बाह्यांचे सदरे घालायला लागले. अर्ध्या बाहीतले मामा मला बघवेनात.

"मला स्वतःची लावता येत नाही, ती दुसऱ्याला कुठल्या तोंडाने विकू?" ते म्हणाले. "नळाच्या तोट्या बनवणारा एकजण प्रेस मागतोय. देऊन टाकतो."

"द्या हो," मामी म्हणाली, "पण थोडं थांबा."

तिने माहेरून मोडक्या छत्र्यांचा खोका आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांड ठोकली. छत्री उघडली की दांड्यातला खटका तिला धरून ठेवतो, अंगठ्याने दाबला की सोडतो. तसा खटका तिला कफलिंकेत हवा होता. बरेच दिवस आम्ही जेवणाची ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

अखेर एक जोडी झाली. मामांनी डाव्या अंगठ्याने उजव्या बाहीची कफलिंक दाबली. टक. बसली. माझ्या आईने टाळ्या वाजवल्या, मी तर मामीला मिठीच मारली. मामांनी आमचा आनंद ओसरू दिला आणि शांतपणे डावा हात पुढे केला.

"आणि ही कोण लावणार?"

इतके दिवस आम्ही दुखऱ्या हाताचाच विचार करत होतो. धडधाकट हाताची बाही लावायचं काम त्या दुखऱ्या हाताकडेच येणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मामी त्या बाहीकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली.

"घरात सगळ्यांना दोन-दोन हात, अक्कल मात्र एकालाही नाही."

मामाही हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच.

मामीने कफलिंकेचे दोन भाग केले. शर्ट अंगात घालण्याआधीच बाहीच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवायचा. मग मनगट टेबलाच्या कडेवर दाबायचं, की एक भाग दुसऱ्यात घुसून अडकतो. सोडवायला त्याच कडेला अडकवून हिसका. दुसऱ्या हाताचं काम टेबल करणार. पहिली स्प्रिंग इतकी कडक निघाली की हिसक्याबरोबर मामांच्या चांगल्या शर्टाची बाही फाटली. पुढची इतकी सैल, की जेवताना अर्धी कफलिंक पाण्याच्या पेल्यात. मामी तारा घासत बसली, मामा मनगट आपटत बसले. टेबलाला खळी पडली, तेव्हा कुठे जमलं.

मग मामा, मामी आणि मी गावातल्या सगळ्यात मोठ्या कापडदुकानात गेलो. मामांनी डावं मनगट काउंटरवर ठेवलं आणि दाबलं. टक.

मालकाचे दोन्ही हात शाबूत होते. तरी म्हणाला, "परत एकदा." मग स्वतःची कफलिंक काढून ही घातली आणि काउंटरवर टकटक करत सुटला. सेल्समन गिऱ्हाइकं सोडून भोवती जमले.

"कुणाची युक्ती?" त्याने विचारलं.

"हिची," मामा म्हणाले. "माझा नुसता हात."

मालकाने आमच्या नमुन्यांचा अख्खा डबा ठेवून घेतला आणि आणखी पाठवा म्हणाला. 'जोडी'चं खरं नाव झालं ते तिथून.

पण माझ्या लक्षात राहिली ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. मामांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. मामी सवयीने हात पुढे करून उभी.

"तू कशाला उभी?"

"बघायला," ती म्हणाली.

टेबलाच्या कडेवर एक टक, मग दुसरी. मामांनी नमुन्यांचा नवा डबा बगलेत मारला आणि मागे वळूनही न बघता जिना उतरून बाजाराकडे निघाले. मामी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, डोळे भरून आले तिचे.

"गेले बाई एकदाचे," ती म्हणाली, आणि कारखान्यात जाऊन तिने स्वतः प्रेस सुरू केली.