राहिलेले गाल

मीने, ये अशी जवळ बस. पेपर हातात धरून का होईना, पण बस. फोन केला की तू "मोठी आई, वर्गावर आहे, नंतर करते" म्हणतेस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. बाबांचं तेरावं उरकून पुण्याला गेलीस त्याला दीड महिना झाला. म्हणून पुरवणीवाल्यांनी "तुमच्या चित्रकार दिरांवर लिहा" म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. बाकीच्यांनी वाचावं, त्यांना आमचे भावजी, तुझे बाबा, कळावेत. पण यातलं रागावणं तुझ्या एकटीच्या वाट्याचं आहे.

त्या दिवशी मी रानात हरभरा उपटत होते. भावजी सकाळीच घडीचं स्टूल आणि छत्री घेऊन तळ्याकडं गेलेले. ऊन चढल्यावर परत फिरले आणि बांधावरूनच म्हणाले, "वहिनी, आज पाण्यात आभाळ नीट उतरलंय." कालवण कशाचं आहे ते विचारलं, जरा पडतो म्हणाले. मी पेंढी बांधून घरी येईस्तोवर शेजारची माणसं ओट्यावर गोळा झाली होती... रडले मी, नाही कशाला म्हणू. पण सकाळभर मनासारखं काम करून माणूस आपल्या अंथरुणात गेला, याचं मला आत कुठंतरी समाधानच आहे.

मी जामखेडकडून या पारनेरच्या मुरमाड गावात नांदायला आले तेव्हा भावजी दुसरीत होते. आल्या वर्षीच त्यांनी नुकत्या सारवलेल्या भिंतीवर कोळशानं आमच्या सासूबाई काढल्या, तोंड उघडून ओरडताना. मार खाल्ला, पण सासूबाईंनी ती भिंत दिवाळीपर्यंत पुन्हा सारवली नाही, हे मी पाहिलंय. पुढं दुकानांच्या पाट्या, टेम्पोमागचे मोर असं रंगवत रंगवत परीक्षा दिल्या आणि नगरला शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले. मी चौथी शिकलेली. अंगणात वाळत टाकलेल्या त्यांच्या पाट्या वाचून माझं वाचन टिकलं. खत भांडार आणि सायकल मार्ट, हीच माझी पुस्तकं.

रविवार आला की एसटीत बसायचे आणि कुठंही उतरायचे. माळावर तिवई रोवून एक डोळा मिटला की लोकांना वाटायचं, मोजणीवाले आले. पाथर्डीकडं असाच एक म्हातारा काठी उगारून धावत आला. पोरं ऊसतोडीला गेलेली, घरात हा एकटा. म्हणाला, "सायेब, आमच्या भावानं तुमाला काय सांगितलं ठावं न्हाई, पर बांध हाय तिथंच हाय." भावजींनी त्याला समजावलं नाही. "बाबा, तुम्ही बांधावर उभे राहा, म्हणजे मला नीट दिसेल," एवढंच म्हणाले. म्हातारा दुपार कलेपर्यंत हलला नाही. तेच चित्र पुढं पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत गाजलं. तिथं एका बाईंनी विचारलं होतं, यात हिरवं काहीच कसं नाही? तर भावजी म्हणाले, "आमच्याकडं हिरवं दोन महिने असतं. राहिलेले दहा महिने कोणी काढायचे?" चित्र म्हाताऱ्याला दाखवायला नेलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या तोंडाकडं बघितलंही नाही. बोटानं बांध मापला आणि म्हणाला, "बरूबर हाय. आता ह्याच्यावर सही करा."

माणसांची चित्रं काढायची त्यांची रीत मात्र वेगळी होती, वाचणाऱ्यांना ती सांगायलाच हवी. गावोगावचे लोक गेलेल्या माणसाचा कुठलासा अंगठ्याएवढा फोटो घेऊन येत, यावरून मोठं चित्र करा म्हणत. भावजी म्हणायचे, फोटो असू दे, त्यांच्या रानातली ओंजळभर माती आणा. ती वस्त्रगाळ करायची, जवसाच्या तेलात घोटायची आणि चेहऱ्याचा पहिला हात त्या रंगानं द्यायचा. दुकानातल्या रंगानं आपली माणसं विलायतेहून आल्यासारखी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. घोटायला त्यांनी माझा वरवंटा पळवला होता. मी मिरची कशानं वाटू म्हणून भांडले, तर दुसऱ्या दिवशी दोन नवे वरवंटे आणून ठेवले, जुना काही दिला नाही. तू परकर सावरत त्याच वरवंट्यानं बाबांची माती घोटायचीस, आणि ओटा माखला म्हणून माझी बोलणी खायचीस.

सगळा जिल्हा त्यांच्यापुढं बसला, मी तेवढी बसले नाही. दर दिवाळीला विचारायचे. मला आपली कधी सुगी, कधी बाळंतपणं, कधी तुझ्या काकांचं आजारपण. शेवटी गेल्या वर्षी बसले. आठ दिवसांत कपाळ झालं, डोळे झाले, पदर झाला. आणि गाल नुसते सपाट तांबूस ठेवून ते थांबले. म्हणाले, "कपाळ इकडच्या मुरमाचं झालं, वहिनी. गालाला माहेरची काळी माती पाहिजे."

मी हसले. म्हटलं, साठ वर्षं होत आली, माहेरचं आता काय उरलंय अंगावर?

"रागावता तेव्हा उरतं," म्हणाले. "अगदी गालात."

जाते, आणते, म्हणाले मी. पुढच्या बाजाराला, मग संक्रांतीनंतर... ही चूक माझी, मीने, तुझी नाही. ते थांबले आणि मी रेंगाळले.

दहाव्याच्या दिवशी तू त्या चित्रावर धोतर पांघरलंस. म्हणालीस, "मोठी आई, बाबांच्या कामाला माझा हात नको." तेव्हा मी गप्प राहिले, आता राहणार नाही. मी गेल्या आठवड्यात दोन एसट्या बदलून जामखेडला जाऊन आले. वावरात बसून माती बरणीत भरायला लागले, तर भाच्याचं तोंड उतरलं. "आत्या, वाटणी मागायला आलीस का?" म्हटलं, बाबा, बरणीभर दे, बाकीचं तुलाच राहू दे. त्याला इतका आनंद झाला की एसटीपर्यंत मोटारसायकलवरून सोडलं, वर भेळ घेऊन दिली.

बरणी आता त्यांच्या खोलीच्या खिडकीत आहे, पारनेर, पाथर्डीच्या बरण्यांच्या रांगेत. वरवंटा धुऊन ठेवलाय. ते बसायचे ते स्टूल पुसलंय आणि समोर माझी खुर्ची जिथं होती तिथंच आहे. चित्रावरचं धोतर मात्र मी काढलेलं नाही, ते तूच काढायचं. शाळेत इतक्या पोरांना चित्रं काढायला शिकवतेस, मग तुझा हात कुणाचा आहे, ते मी सांगायला हवं का? आणि माझे गाल तुझ्याइतके कुणी पाहिलेत? लहानपणी त्यांचा धाक तूच सोसलास.

दोन दिवसांची सुट्टी काढून ये. मी समोर बसेन. फार हसवू नकोस, जरा उशिराच ये हवं तर, म्हणजे मला नीट रागावता येईल. पण या महिन्यात ये, बाई... माती वाळून तयार आहे.