अर्ध्या मिनिटाची शांतता

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. ठेवून मला परवडणारही नाही, कारण माझा धंदाच आवाजाचा आहे. मंडप, बिछायत आणि साऊंड. बारामतीत, इंदापूर रस्त्याला आमचं गोडाऊन आहे. 'स्पीकरमधून बाई रडतीय', 'माईक बंद असताना कोणतरी बोलतंय' असे फोन मला आजवर कितीतरी आले असतील. प्रत्येक वेळी मी स्वतः जाऊन बघितलं. कुठं अर्थिंग ढिलं, कुठं वायर ओली. एकदा तर शेजारच्या मंगल कार्यालयातला कॉर्डलेस माईक आणि आमचा माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर निघाला, आणि तिकडच्या नवरीच्या मामाचं भांडण इकडच्या पाहुण्यांनी जेवता जेवता ऐकलं. आवाज आला म्हणजे तो कुठून तरी आला, एवढं मला पक्कं माहीत होतं.

आता जे सांगणार आहे, ते कुठून आलं हे मला अजून सापडलेलं नाही.

त्याआधी अब्बांविषयी सांगायला पाहिजे. अब्बा म्हणजे माझे वडील. आम्ही घरात दखनी आणि मराठी दोन्ही बोलतो, पण अब्बांचा भोंगा कायम मराठीच. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी रिक्षावर भोंगा लावून पुकारा केला. बारामतीपासून इंदापूरपर्यंत सर्कस आली, सेल लागला, बैल हरवला, कुणी वारलं, की अब्बांची रिक्षा. वारल्याचा पुकारा ते फुकट करायचे. आणि कालव्याला पाणी सुटलं की ते सांगत गावोगाव फिरायचे. त्यात गावांची नावं घेताना "पिंपळी... कन्हेरी..." आणि शेवटी हमखास "कऱ्हाटी!" आता या कालव्याचं पाणी कऱ्हाटीपर्यंत जातच नाही. लोक हसायचे, पण कऱ्हाटी हे माझ्या आजीचं, म्हणजे अब्बांच्या आईचं माहेर. अब्बा म्हणायचे, "पानी न्हाय म्हनून काय नाव बी घ्यायचं न्हाय व्हय?"

पुकारा कुठलाही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं: "ज्यांनी ऐकलं, त्यांनी न ऐकलेल्यांना सांगाऽ." 'सांगा' लांबवायचे आणि शेवटी श्वास थोडा तुटायचा. ते वाक्य त्यांनी स्वतःच तयार केलेलं होतं.

पण एक होतं. अब्बांनी कधीही रेकॉर्डिंग लावून रिक्षा फिरवली नाही. बाकीचे कॅसेट लावायचे, पुढं पेनड्राइव्ह लावायला लागले. अब्बा म्हणायचे, समोर माणूस दिसला तरच बोलता येतं, कॅसेटला काय डोळे असतात का? त्यामुळं झालं काय, की अख्ख्या तालुक्यानं ज्याचा आवाज ऐकला त्या माणसाचा आवाज आमच्या घरात कुठंच नव्हता. फोन त्यांचा साधा, बटणांचा. माझ्या लग्नाच्या सीडीत अब्बा तासभर बोलताना दिसतात, पण फोटोग्राफरनं वरून गाणी टाकलीत.

मग अब्बांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सामान भरत होतो, तेव्हा अब्बा मला म्हणाले, "उद्यापास्नं आवाज जायचा हाय म्हनं. मशीन आन की जरा. चार वाक्यं बोलून ठिवतो."

रेकॉर्डर गाडीतच होता. दहा पावलांवर. मी काय म्हणालो माहितीये? "काय अभद्र बोलताय अब्बा. ऑपरेशन झाल्यावर बोलालच की, मग करू." मला वाटलं, आज रेकॉर्ड केलं म्हणजे आपणच मान्य केलं, आपणच त्यांचा आवाज पुरला.  अब्बा पिशवीत टॉवेल भरत राहिले. साऊंडवाल्याच्या हातून ही चूक व्हावी... आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तेव्हा रेश्मा, माझी बायको, पोटुशी होती. झोया जन्मली ती अब्बांचं ऑपरेशन झाल्यावर चौथ्या महिन्यात. म्हणजे तिनं आजोबांचा आवाज ऐकलाच नाही. अब्बांना घशाला लावून बोलायचं ते यंत्रही आणलं होतं. त्यांनी एकदाच लावलं, स्वतःचं ऐकलं, आणि डबीत घालून कपाटावर ठेवून दिलं. तेव्हापासून पाटी-पेन्सिल. पुढं झोयाची पाटी आणि त्यांची पाटी एकच झाली. एका बाजूला तिचा ग-म-भ-न, दुसऱ्या बाजूला यांचं बोलणं.

आता व्हॉइस-ओव्हरकडं, म्हणजे जाहिरातींना वगैरे आवाज द्यायच्या कामाकडं येतो. लग्नाचा सीझन नसला की आम्ही रिकामे. एका मित्रानं सांगितलं, ऑनलाइन साइट असतात, तिथं नाव नोंदवायचं, रोज ऑडिशन येतात, घरी बसून चार ओळी बोलून पाठवायच्या. आवाज आवडला तर काम. म्हटलं, माईक आहे, मशीन आहे, बघू तरी. आणि स्टुडिओ म्हणाल तर आमच्या गोडाऊनसारखा स्टुडिओ पुण्यातही मिळणार नाही. तिन्ही बाजूंनी लग्नाच्या गाद्यांच्या थप्प्या, मधे एक स्टूल. तिथं बसून बोललं की आवाज एकदम कोरडा आणि स्वच्छ येतो.

अब्बा समोर खुर्ची टाकून बसायला लागले. मी वाचायचो, ते हातानं दाखवायचे. पंजा खाली म्हणजे सावकाश, बोट वर म्हणजे इथं थांब, तोंड वाकडं म्हणजे परत. दोन-अडीच महिने आम्ही बापलेक दुपारचे हेच करत होतो. ज्वेलरीची जाहिरात, पुस्तकं, बँकेचा 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. एकाचंही उत्तर आलं नाही. एकानं तेवढं कळवलं की उच्चार ग्रामीण वाटतात. झालं, मी लागलो शुद्ध बोलायला. 'आणि' म्हणताना णचा असा काही ण करायचो की अब्बा कपाळाला हात लावायचे. एकदा पाटीवर लिहून दाखवलं, "हा कोन बोलतोय?"

मग ती ऑडिशन आली. शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सकाळी निरोप पाठवणारी एक कंपनी होती. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, पाऊस, फवारणी, असले निरोप. आमच्याच भागासाठी आवाज हवा होता. मजकूर सहा ओळींचा, आणि खाली सूचना: शेवटी खोलीतली अर्ध्या मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा, काही बोलू नका. मागचा आवाज किती येतो ते त्यांना तपासायचं असतं.

शुक्रवारची दुपार होती, नमाजानंतरची. मी सहा ओळी वाचल्या, शुद्ध बिद्ध. मग अर्धं मिनिट आम्ही दोघं गप्प बसलो. अब्बा माझ्याकडं बघत होते. ओठसुद्धा हलले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. पाठवायच्या आधी सवयीप्रमाणं हेडफोन लावून सगळं ऐकलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात काही नाही, फक्त अब्बांच्या गळ्यातल्या ऑपरेशनच्या छिद्रातून, रुमालाआडून येणाऱ्या श्वासाची बारीक सूं-सूं. ती कायमच असते. दिलं पाठवून.

मंगळवारी अकराच्या सुमारास फोन आला. मृणाल मॅडम, त्या कंपनीच्या. आवाज निवडण्याचं काम त्यांच्याकडं. मी गोडाऊनमध्ये चादरींच्या घड्या घालत होतो, अब्बा खुर्चीत, झोया त्यांच्या मांडीवर. हात मोकळा नव्हता म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

मॅडम म्हणाल्या, ऑडिशन सगळ्यांना फार आवडली, त्यांच्या साहेबांनी तर दोनदा ऐकली. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाल्या, "पण आम्हाला तो दुसरा आवाज हवाय. शेवटी जे वडीलधारे बोलतात ना, ते. तुमचे कोण ते?"

मी म्हटलं, मॅडम, फाईल चुकली असेल, आमच्याकडं दुसरं कुणी बोललेलं नाही. तर त्या म्हणाल्या, नाव तुमचंच आहे, आधी तुमच्या सहा ओळी आहेत. फक्त एक अडचण होती म्हणे. त्या वडीलधाऱ्यांनी एका गावाचं नाव जास्त घेतलंय, कऱ्हाटी, ते कंपनीच्या यादीत नाही.

माझ्या हातातली चादर खाली पडली. अब्बा खुर्चीत ताठ झाले. मी कसंबसं म्हटलं, "मॅडम, जरा वाजवून दाखवता का?"

त्यांनी कॉम्प्युटरसमोर फोन धरला असावा. आधी माझाच आवाज आला, तो णवाला. मग थोडी सूं-सूं. आणि मग... अब्बा. खरंच अब्बा. गाठ येण्याच्या आधीचे, भरल्या गळ्याचे. "कालव्याला पानी सुटतंय होऽ... पिंपळी... कन्हेरी... कऱ्हाटी... ज्यांनी ऐकलं, त्यांनी न ऐकलेल्यांना सांगाऽ." शेवटी श्वास तुटला, जिथं तुटायचा तिथंच.

माझ्या अंगावर काटा आला असं लिहिणार होतो, पण तसं काही झालं नाही. मला रडू फुटलं. भीती तर जराही वाटली नाही.

झोयानं विचारलं, "कोण बोलतंय?"

अब्बांनी वर्गात हजेरीला पोरं करतात तसा हात वर केला, आणि मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. झोया त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं त्यांच्या गळ्यावरच्या रुमालाला बोट लावलं.

मी मॅडमना नंतर फोन करतो म्हणालो आणि ठेवला. अब्बांनी पाटी ओढली, झोयाचा ग-म-भ-न पुसला आणि लिहिलं, "रेकॉर्ड केलंस का?"

नाही केलं. फोनवर एक बटण दाबायचं होतं. दुसऱ्यांदा तीच चूक. मी मान हलवली, तसे अब्बा हसायला लागले. त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात, पण त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हलले.

लगेच मॅडमना परत फोन लावून ती फाईल मागवली. तासाभरात आली. ऐकली, तर माझ्या सहा ओळी आणि सूं-सूं, बास. वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरची आवाजाची रेघ, मोठी करून बघितली, शेवटी जवळपास सपाट. लांबी तीच, साइज तीच. मॅडमना म्हटलं, तुमच्याकडची परत लावा. त्यांनी लावली, तर तिथंही आता नुसती सूं-सूं. मग त्यांनी जरा चिडूनच विचारलं, तुम्ही साइटवरून फाईल बदललीत का? पण एकदा पाठवलेली फाईल तिथं बदलताच येत नाही. त्यांच्या साहेबांनी, अजून एका सहकाऱ्यानं आणि त्यांनी स्वतः ती ऐकलेली होती. इकडं आम्ही तिघांनी. सहा माणसांना एकदम भास कसा होईल?

तुम्ही म्हणाल, आजकाल एआयनं कुणाचाही आवाज काढता येतो. मान्य. पण त्याला आधी नमुना लागतो ना? नमुना असता तर मी हे लिहीत बसलो असतो का? आणि त्या मॅडमना कऱ्हाटीचं कुणी सांगितलं?

दोन दिवस मी वायरी, माईक, मशीन सगळं उलटंपालटं केलं. शेवटी न राहवून अब्बांना सरळ विचारलं, त्या शांततेत तुम्ही काय करत होता? त्यांनी लिहिलं, "मनात म्हनत होतो." खाली थोड्या वेळानं अजून एक ओळ लिहिली. "रोजच म्हनतो."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि त्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं बोललो. इतकी वर्षं बोललो नव्हतो. माफी मागितली. अब्बांनी हातानंच 'राहू दे' केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. नंतर पाटीवर लिहिलं की आता ती शुद्ध भाषा बंद कर, म्हणजे झालं.

काम मला मिळालं. मॅडम म्हणाल्या, तो आवाज नाही तर निदान तसं बोलून दाखवा, आणि मी घरातल्यासारखा बोललो. आता सकाळी या भागातल्या शेतकऱ्यांच्या फोनवर पाण्याचा निरोप जातो तो माझा असतो. अब्बांचं शेवटचं वाक्य मी त्यात घालून बघितलं. कंपनीनं कापलं, मजकुरात नाही ते नको म्हणाले. कऱ्हाटीसुद्धा कापली.

झोयानं मात्र काही कापलं नाही. ते वाक्य तिनं एकदाच ऐकलं, त्या मंगळवारी. आता शाळेतून आली की डबा काय होता, बाईंनी काय सांगितलं, हे सगळं सांगून झाल्यावर खुर्चीवर उभी राहून ते अख्खं वाक्य म्हणते, शेवटच्या "सांगाऽ"पर्यंत. आणि शेवटी श्वास तोडते. मी तिला शिकवलेलं नाही. शिकवायला गेलो असतो तरी मला तसं जमलं नसतं.

ती सूं-सूंची अर्ध्या मिनिटाची फाईल मी जपून ठेवलीय, तीन ठिकाणी. अधूनमधून हेडफोन लावून ऐकतो. अजून त्यात काही नाही. स्पष्टीकरण विचाराल तर माझ्याकडं नाही. कुणा जाणकाराला सुचलं तर जरूर कळवा, मी साऊंडवाला आहे, मला तांत्रिक भाषा समजते.

हे पाठवायच्या आधी अब्बांना वाचायला दिलं. त्यांनी सावकाश, बोट ठेवून वाचलं. पाटीवर एवढंच लिहिलं, "शेवटची वळ ऱ्हायली."

तर त्यांच्या सांगण्यावरून... ज्यांनी ऐकलं, त्यांनी न ऐकलेल्यांना सांगा.