कड्याखाली घेतलेलं नाव

काल हातगाडीवरून काथ्याचे नवे दोर चालले होते, त्या वासाने मला पाचगणीचा काळा कडा दिसला. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. लग्नाला महिना झाला होता आणि सोलापूरच्या सपाटीवर वाढलेले आमचे हे तिथल्या पोरांच्या नादाने कमरेला दोर बांधून कडा चढायला लागले. दोर धरणारा वर होता, त्याला दिसत नव्हतं. मला खालून दिसलं की यांच्या कमरेची गाठ सुटत चालली आहे. "अहो" म्हणून ओरडले, तर फिरायला आलेले तीन परके नवरे वळले, हे मात्र चढतच होते. मग उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं त्यांचं नाव मी घसा फाटेस्तोवर घेतलं. ते थांबले, माझी खूण बघितली आणि कपारीत कोपर रोवून गाठ आवळली. खाली आल्यावर घाम पुसत हळूच म्हणाले, "घरी शुक्रवार पेठेत नको घेऊ हं. आई लई बोलंल." पुन्हा कधी घेतलं नाही. काल मी दवाखान्यात यांच्याकडेच निघाले होते. ते डोळे उघडत नाहीत, हाक मारून बघा, असं डॉक्टर म्हणाले. मी "अहो" म्हणाले. काहीच हललं नाही. मग उठून दार लोटून घेतलं आणि त्यांच्या कानाशी वाकले.